एव्हरेट हल आणि अँपेग: स्वच्छ बासच्या हट्टाची कमाई आणि किंमत

१९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या बँडमध्ये डबल बास वाजवणाऱ्यांची तक्रार एकच असे: रात्रभर बोटं झिजवायची आणि समोरच्या टेबलापर्यंत काहीच पोचायचं नाही. खालच्या सुरांना माणसाचा कान मुळातच कमी दाद देतो, त्यात शेजारी ट्रम्पेट आणि ड्रम. बाससमोर मायक्रोफोन ठेवला तर तो ड्रमही उचलतो आणि जरा आवाज वाढवला की शिट्टी मारतो.

चार्ल्स एव्हरेट हल यांचा जन्म १९०४चा, विस्कॉन्सिनमधला. ते पियानो आणि बास दोन्ही वाजवत, त्यामुळे ही अडचण त्यांची स्वतःची होती. त्यांनी पिकअपसाठी निवडलेली जागा कुणाच्या डोक्यात सहज येणार नाही अशी आहे. डबल बास ज्या लोखंडी दांडीवर उभा राहतो, तिचं वरचं टोक वाद्याच्या पोटात जातं. हल यांनी त्या टोकावर मायक्रोफोनसारखा पिकअप, म्हणजे वाद्याचा आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, बसवला. वाद्याला भोक पाडायचं नाही, तारांखालच्या घोडीला हात लावायचा नाही, फक्त दांडी बदलायची. हजारो डॉलरचा जुना इटालियन बास बाळगणाऱ्याला एवढंच चालणार होतं. पेटंटचा अर्ज १९४६चा, मंजुरी १९४७ची. ‘अँप्लिफाइड पेग’ (पेग म्हणजे हीच दांडी) यावरून ‘अँपेग’ हे नाव त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी सुचवलं.

या पिकअपची एक खोड होती. तो बासच्या पोटातल्या हवेत असल्यामुळे त्या हवेचा स्वतःचा घुमारा, साधारण ६० ते ६५ हर्ट्झच्या आसपासचा, इतर सुरांपेक्षा जास्त उचलायचा. आवाज एका पातळीपलीकडे नेला की त्याच सुरावर बास आपोआप गुरगुरायला लागायचा. वादक त्यावर बासच्या पोटावरच्या दोन्ही एफ-आकाराच्या भोकांत फोम किंवा कापड कोंबतात. तो उपाय आजही चालतो. पण पिकअप कितीही चांगला असला तरी तो ज्या अँप्लिफायरला जोडायचा, तो गिटारसाठीच बनवलेला असे. म्हणून हल यांना अँप्लिफायरच्या धंद्यात उतरावं लागलं. १९४६मध्ये स्टॅन्ली मायकेल यांच्या भागीदारीत ‘मायकेल-हल इलेक्ट्रॉनिक लॅब्ज’ सुरू झाली. मायकेल बाहेर पडल्यावर १९४९मध्ये हल एकटे मालक झाले, ‘अँपेग बासअँप कंपनी’ असं नाव पडलं आणि दुकान मॅनहॅटनच्या ४२व्या रस्त्यावर आलं. ब्रॉडवेची थिएटरं आणि जॅझ क्लब पायी जाण्याच्या अंतरावर होते. ग्राहक दारातून आत यायचा, वाजवून बघायचा, तक्रार करायचा. माझ्या मते अँपेगच्या पहिल्या दहा वर्षांची खरी प्रयोगशाळा म्हणजे हे दुकान.

बास गिटारपेक्षा अवघड का

पुढचं सगळं प्रकरण समजायला थोडं भौतिकशास्त्र लागतं. बासची सर्वांत खालची मोकळी तार ‘ई’, म्हणजे ४१.२ हर्ट्झ. गिटारची खालची ‘ई’ ८२.४ हर्ट्झ. एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज काढायचा तर स्पीकरच्या कोनाला, म्हणजे कागदी शंकूला, चौपट पुढे-मागे हलावं लागतं. गिटारचा स्पीकर तेवढा हलण्यासाठी केलेलाच नसतो. कोनाला हलवणारी तारेची गुंडाळी (व्हॉइस कॉइल) चुंबकाच्या फटीतून बाहेर येते, आवाज फाटतो आणि शेवटी कोनही फाटतो.

दुसरी अडचण कॅबिनेटची. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ८.३ मीटर. कॅबिनेट मागून उघडं असेल तर कोनाच्या मागची लहर अर्ध्या मीटरचा वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लहरीला मारते. म्हणून मागून उघड्या गिटार अँपमधून बास वाजवला की वरची टकटक ऐकू येते, खालचा भार गायब होतो.

हे कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनाही कळत होतं. त्यांची प्रिसिजन बास गिटार १९५१ची, तिच्यासाठीचा ‘बासमन’ अँप १९५२चा. १९५५च्या सुमारास बासमनमध्ये चार १० इंची स्पीकर आले, तेही मागून उघड्या कॅबिनेटमध्ये. बाससाठी तो अपुरा पडला, पण वाढवला की गोड फाटतो म्हणून गिटारवाल्यांनी तो उचलून धरला. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२मध्ये बनलेला पहिला मार्शल अँप याच बासमनच्या सर्किटवरून घेतलेला होता. हल यांना फाटणं म्हणजे बिघाड वाटे. वाद्यातून जे निघालं तेच, मोठं होऊन, बाहेर यायला हवं, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी धंद्यात शेवटपर्यंत पाळला.

जेस ऑलिव्हर आणि बी-१५

१९५६मध्ये ऑलिव्हर जेस्पर्सन नावाचा तरुण बासवादक कंपनीत आला. नाव उलटं करून तो जेस ऑलिव्हर म्हणून ओळखला जाऊ लागला. हल यांना काय हवं ते पक्कं माहीत होतं. ते पत्र्यात, लाकडात आणि तारेत उतरवण्याची हातोटी ऑलिव्हर यांच्याकडे होती. अँपेगचं सगळं चांगलं काम या जोडीचं आहे. एकट्या हल यांच्या नावावर ते टाकणं अन्याय होईल. १९६०मध्ये या जोडीचा बी-१५ ‘पोर्टाफ्लेक्स’ बाजारात आला.

याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. १५ इंची एक स्पीकर, चारही बाजूंनी बंद, हवेसाठी मोजून काढलेली वाट असलेलं कॅबिनेट. अँप्लिफायरचा चेसिस, म्हणजे सर्किटचा पत्र्याचा सांगाडा, कॅबिनेटच्या झाकणाला बसवलेला. वाजवायच्या वेळी झाकण उलटं करून बसवायचं: चेसिस वर उभा राहतो, व्हॉल्व्हना, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांना, मोकळी हवा मिळते आणि झाकण खाली घट्ट बसून कॅबिनेट बंद करतं. कार्यक्रम संपला की झाकण परत उलटायचं: चेसिस कॅबिनेटच्या पोटात लटकतो आणि काचेचे व्हॉल्व्ह टॅक्सीच्या डिकीत सुरक्षित राहतात. बाजूच्या क्लिपा लावायच्या, चाकांच्या पाटावर ठेवून ढकलत न्यायचं. वरचा नावाचा पारदर्शक प्लास्टिकचा फलक आतल्या दिव्याने उजळायचा, आणि ग्राहकाला हवं तर त्यावर त्याचं स्वतःचं नाव कोरून मिळायचं. रात्री एका क्लबमधून दुसऱ्या क्लबला धावणाऱ्या माणसाची गरज ज्याने जवळून पाहिली आहे, त्यालाच असा अँप सुचतो.

मोठा स्पीकर हलतो तेव्हा सगळं कॅबिनेट थरथरतं आणि व्हॉल्व्हच्या आतल्या जाळ्या हलून त्यांचाच आवाज निघतो. हे टाळायला चेसिस आणि झाकण यांच्यात रबराच्या गाद्या दिल्या. झाकणाच्या कडेला गॅस्केट, कारण तिथून हवा गळली तर कॅबिनेटचं सगळं गणित बिघडतं.

सर्किटमध्येही तोच हट्ट दिसतो. सुरुवातीच्या टप्प्यांत ६एसएल७ हा जुना, मोठ्या बुडाचा व्हॉल्व्ह. त्याचा प्रवर्धन गुणांक, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, ७०. त्या काळी सगळे वापरू लागलेल्या १२एएक्स७चा १००. कमी गुणांक म्हणजे पुढचा टप्पा उशिरा फाटतो. आवाजाचा पोत बदलणारी दोन बटणं, एक खालच्या सुरांचं आणि एक वरच्या, बॅक्सँडल पद्धतीची. पीटर बॅक्सँडल यांनी हे सर्किट १९५२मध्ये प्रसिद्ध केलं होतं. दोन्ही बटणं मध्यावर ठेवली की ते काहीच बदलत नाही. फेंडरच्या पद्धतीत बटणं कुठेही असली तरी मधले सूर काही प्रमाणात खचतात, आणि बासचा शब्द कळतो तो नेमका त्या मधल्या सुरांतच. शेवटी स्पीकरला शक्ती देणाऱ्या ६एल६ व्हॉल्व्हची जोडी. त्यांचा विश्रांतीतला करंट ठरवणारं व्होल्टेज म्हणजे बायस: १९६४च्या आवृत्तीत तो व्हॉल्व्ह स्वतःच ठरवतो (कॅथोड बायस), सुमारे २५ वॅट; १९६६च्या आवृत्तीत तो वेगळा पुरवला जातो (फिक्स्ड बायस), ३० वॅट.

३० वॅट आजच्या हिशोबाने काहीच नाहीत. पण छोट्या खोलीत, चांगल्या मायक्रोफोनसमोर, हा आवाज रेकॉर्डिंगला इतका सोपा होता की न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत बी-१५ कायमचा ठेवला जाऊ लागला. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत डोनाल्ड ‘डक’ डन तो वाजवत. डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन क्लबमध्ये बी-१५ वापरत. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या तबकड्यांवरचा त्यांचा आवाज मात्र बहुतेक वेळा थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलमध्ये जोडलेल्या बासचा आहे, त्यामुळे त्या आवाजासाठी बी-१५ शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

धंदा वाढला, माणूस बदलला नाही

१९६१चा ‘रिव्हर्बरॉकेट’ हा आतच रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारी सोय) असलेल्या पहिल्या काही अँपपैकी एक. फेंडरचा तसा अँप १९६३मध्ये आला. १९६२मध्ये कंपनी न्यू जर्सीतल्या लिंडनला मोठ्या जागेत गेली. त्याच वर्षी झोर्को कंपनीकडून हक्क घेऊन प्लास्टिकच्या पोटाचा ‘बेबी बास’ काढला. जॅझवाल्यांनी त्याकडे पाठ फिरवली, पण न्यूयॉर्कच्या लॅटिन बँडने तो आपलासा केला आणि साल्साचा बास म्हणून तो आजही ओळखला जातो. इंग्लंडच्या बर्न्स गिटारी अँपेगचं नाव लावून विकण्याचा प्रयोग फार टिकला नाही.

१९६४मध्ये बीटल्स अमेरिकेत आले आणि गिटार-अँपची मागणी एकदम फुगली. इथे हल यांच्यापुढे दोन प्रश्न एकदम उभे राहिले.

पहिला पैशांचा. अँप विकला जाण्याआधी कित्येक महिने ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, लाकूड आणि पगार यांत पैसा अडकतो. मागणी दुप्पट झाली की अडकलेला पैसाही दुप्पट. नफ्यातून वाढणाऱ्या घरगुती कंपनीला हा वेग झेपत नाही. जानेवारी १९६५मध्ये लिओ फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. तिथेही वाढीचा ताण हे कारण होतंच.

दुसरा प्रश्न रुचीचा, आणि तो पैशाने सुटणारा नव्हता. नवा ग्राहक रॉकचा होता. त्याला अँप शेवटपर्यंत वाढवून फाडायचाच होता. हल यांना रॉक आवडत नसे आणि त्यांनी ते लपवलं नाही. कंपनीच्या जाहिराती, अँपची शक्ती, सर्किटची निवड सगळी जॅझ आणि स्टुडिओच्या वादकाकडे तोंड करून राहिली. ३०-३२ वर्षांच्या स्टुडिओ वादकाचा बाजार मर्यादित असतो; सोळा वर्षांच्या मुलाच्या गॅरेज बँडचा बाजार त्याच्या कित्येक पट मोठा होता.

मला वाटतं, त्यांचा कानाचा निर्णय बरोबर होता आणि बाजाराचा चुकला. बाससाठी स्वच्छ आवाज हीच योग्य सुरुवात, हे आजचा प्रत्येक बास अँप मान्य करतो. चूक एवढीच झाली की बी-१५ची तत्त्वं कायम ठेवून त्याचा मोठ्या स्टेजसाठीचा भाऊ त्यांनी काढला नाही. १८ इंची स्पीकरचा बी-१८ होता, पण स्टेडियमपुढे तोही तोकडाच.

१९६६मध्ये ऑलिव्हर मतभेद होऊन बाहेर पडले. त्यांनी ऑलिव्हर साउंड कंपनी काढून ‘पॉवरफ्लेक्स’ बनवला. त्यात चेसिस मोटारीने कॅबिनेटमधून वर येत असे. कल्पना देखणी, पण मोटार म्हणजे आणखी एक बिघडणारा भाग आणि आणखी खर्च. हाताने झाकण उलटायला पाच सेकंद लागत असताना मोटारीसाठी कोण पैसे मोजणार? पुढे ते लाँग आयलंडवर अँप दुरुस्त करत राहिले; २०११मध्ये वारले.

१९६७मध्ये हल यांनी कंपनी युनिम्युझिक या गटाला विकली आणि वर्षभराने अध्यक्षपदही सोडलं. १९८१मध्ये त्यांचं निधन झालं.

ते गेल्यावर काय झालं: एसव्हीटी

नव्या मालकांनी रॉककडे तोंड फिरवलं. बिल ह्यूज यांच्या डिझाइनचा एसव्हीटी हा बास अँप १९६९मध्ये आला: ३०० वॅट, १४ व्हॉल्व्ह, नुसत्या डोक्याचं (स्पीकर सोडून अँप्लिफायरच्या पेटीचं) वजन ३५ किलोंहून अधिक. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यावर सुरुवातीचे नमुने गेले.

बी-१५च्या दहापट वॅट म्हणजे दहापट आवाज असं बऱ्याच जणांना वाटतं. दहापट शक्ती म्हणजे १० डेसिबल, आणि कानाला ते साधारण दुप्पट मोठं वाटतं, बस. एसव्हीटीचा खरा जोर स्पीकरमध्ये होता: बंद कॅबिनेटमध्ये आठ १० इंची. एका १० इंची कोनाचं क्षेत्रफळ धरा ३३० चौरस सेंटिमीटर, आठांचं २,६४०. बी-१५च्या एका १५ इंची कोनाचं सुमारे ८५०. तिप्पट हवा ढकलली जाते आणि प्रत्येक कोनाला कमी हलावं लागतं. तरीही त्या काळचे स्पीकर ३०० वॅट पेलत नसत, म्हणून एका डोक्याला दोन कॅबिनेट जोडायची शिफारस होती.

पहिल्या एसव्हीटीत ६१४६बी हे सहा व्हॉल्व्ह होते, रेडिओ ट्रान्समीटरसाठी बनलेले. ट्रकमधला प्रवास आणि स्टेजवरचा ताप यांत ते टिकेनात, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची जागा ६५५०ने घेतली. मालकी पुढे मॅग्नावॉक्स, सेंट लुईस म्युझिक, लाउड असे टप्पे घेत २०१८मध्ये यामाहाकडे आली. २०११मध्ये कंपनीने बी-१५ची नवी आवृत्ती काढली, तीत १९६४ आणि १९६६ अशा दोन्ही बायसचा स्विच दिला.

जुना बी-१५ भारतात चालवायचा असेल तर

परदेशातून येणारे नातेवाईक किंवा लिलाव यांमार्फत असे अँप अधूनमधून मुंबई-पुण्यात पोचतात. पेटी उघडून थेट प्लग लावणं ही सर्वांत महागडी चूक.

आधी बंद अवस्थेतली तपासणी. झाकणाचं गॅस्केट नखाने दाबून बघा. कडक होऊन भुगा होत असेल तर बदला, नाहीतर खालच्या सुरावर कडेने ‘फुस्स’ ऐकू येईल. रबराच्या गाद्या साठ वर्षांत दगड होतात, मग बास वाजला की व्हॉल्व्ह किणकिणतात आणि लोक चांगले व्हॉल्व्ह फेकून देतात. स्पीकरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सरळ आत दाबा. खरखर आली तर कॉइल घासते आहे.

मूळ दोन पिनांची वायर काढून अर्थसह थ्री पिन लावाच. जुन्या सर्किटमध्ये मेन्सच्या एका बाजूकडून चेसिसला जोडलेला कॅपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला तर बासच्या तारांत मेन्सचा करंट येतो. तो कापून टाका. उच्चदाबाचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मूळचे असतील तर चाचणी न करता बदला. हात घालण्याआधी १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून ते रिकामे करा आणि मीटरने खात्री करा.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब, म्हणजे विजेच्या वाटेत मालिकेत जोडलेला बल्ब, वापरा, पण ६० वॅटचा नको. या अँपचे नुसते हीटर, म्हणजे ६एल६ दोन, ६एसएल७ तीन आणि ५एआर४ रेक्टिफायर, मिळून सुमारे २७ वॅट खातात. ६० वॅटचा बल्ब त्यामुळे अर्धवट पेटलेलाच राहतो आणि शॉर्ट आहे की काय अशी फसगत होते. १०० वॅटचा घ्या, आणि तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच्या आधी, २३० व्होल्टच्या बाजूला लावा. क्षणभर लख्ख होऊन मंद झाला तर ठीक. स्पीकर जोडल्याशिवाय अँप कधीही चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि त्याचा जोड मिळणं दुरापास्त.

मग ६एल६ काढून, सिरीज बल्बशिवाय (पण स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवरूनच), सॉकेटच्या ५ नंबर पिनवर डीसी मोजा. कॅथोड बायसच्या आवृत्तीत तिथे शून्य यायला हवं, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त धन व्होल्टेज म्हणजे आधीच्या टप्प्याचा कपलिंग कॅपॅसिटर गळतो आहे, आणि तोच व्हॉल्व्हची प्लेट लाल करतो. फिक्स्ड बायसमध्ये दोन्ही पिनांवर सारखंच ऋण व्होल्टेज हवं. एकीकडे कमी असेल तर त्या बाजूचा कॅपॅसिटर संशयित. ही चाचणी मिनिटभरात उरका, कारण भार नसताना उच्चदाब वाढतो.

बायस ठरवताना ६एल६जीसीची प्लेट-मर्यादा ३० वॅट धरा आणि फिक्स्ड बायसमध्ये ७० टक्क्यांच्या वर जाऊ नका. उदाहरणार्थ प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर २१ भागिले ४५०, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४६ मिलिअँपियर. कॅथोडवर मोजत असाल तर त्यात स्क्रीनचा करंटही येतो. चार-पाच मिलिअँपियर वजा करा.

राहिली वीज. मूळ ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला. आपल्याकडे ५० हर्ट्झ. तेच ११७ व्होल्ट ५० हर्ट्झवर दिले तर गाभ्यातलं चुंबकत्व २० टक्क्यांनी वाढतं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. ११० व्होल्ट दिले तर वाढ १३ टक्क्यांवर येते आणि हीटरला ६.३ऐवजी सुमारे ५.९ व्होल्ट मिळतात, ते १० टक्क्यांच्या मर्यादेत बसतं. म्हणून ‘११०’वर गुंडाळलेला, किमान ३०० व्हीएचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर करून घ्या. बाजारातले स्वस्त स्टेप-डाउन बहुधा ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, त्यात मेन्सपासून विलगता नसते, आणि बरेचदा बाहेरचा सॉकेट दोनच पिनांचा असल्याने अर्थिंग तिथेच तुटतं. ट्रान्सफॉर्मर आल्यावर अँप चालू ठेवून, भारावर, बाहेरचं व्होल्टेज मोजा. रात्री उशिरा मेन्स २४०च्या वर जाते त्या वेळी पुन्हा मोजा. ११५च्या पुढे दिसलं तर प्रायमरीवर, म्हणजे मेन्सच्या बाजूच्या वाइंडिंगवर, २४०चा टॅप मागून घ्या.